पंडिता रमाबाईंची शाळा

लोणी देवकरहून पुण्याला निघाले म्हणजे भिगवण, कुरकुंभ, पाटस ही गावे मागे पडतात आणि चौफुला येतो. तेथून उजव्या हाताचा रस्ता केडगाव स्टेशनाकडे जातो. आपल्यापैकी कित्येक भगिनी त्या फाट्यावरून शेकडो वेळा गेल्या असतील. पंडिता रमाबाईंनी त्या केडगावी मुलींची वसाहत उभारली, दुष्काळातल्या पोरी वाचवल्या आणि तेथेच देह ठेवला, इतके बहुतेकींना ठाऊक असते. मंडळाच्या या स्मरणिकेसाठी त्यांच्या चरित्राची एक निराळी बाजू सांगावी असे मनात आले. ती म्हणजे शाळेची बाजू.

हल्ली आपल्या घरांतल्याही मुली सिस्टरांच्या शाळेत जाऊ लागल्या आहेत. कॉन्व्हेंट म्हटले की शिस्त, स्वच्छ गणवेश, सफाईदार इंग्रजी हे डोळ्यांपुढे येते आणि आईबापांना बरे वाटते. पण त्याच आईबापांच्या मनात एक कोपरा धास्तीचाही असतो. पोरगी आपली भाषा विसरेल का, आपले खाणेपिणे, आपले सणवार तिला परके वाटू लागतील का, सकाळच्या प्रार्थनेचा तिच्या मनावर काय परिणाम होईल, असे प्रश्न उघडपणे कोणी विचारत नाही, पण ते असतात. हे सारे प्रश्न रमाबाईंना भोगावे लागले, आणि एकाच बाजूने नव्हे. त्या मठातल्या भगिनींच्या छायेत शिकल्या, स्वतःची लेक त्यांनी त्याच भगिनींच्या हाती दिली, आणि पुढे ख्रिस्ती झालेल्या स्वतः त्या परक्यांच्या हिंदू मुलींच्या पालक होऊन बसल्या. एकाच बाईच्या वाट्याला ही तिन्ही नाती यावीत असे क्वचितच घडते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. पुण्यास शिकत असताना पेशव्यांच्या वाड्यातील एका स्त्रीला संस्कृत शिकताना त्यांनी पाहिले आणि बायकांनाही ही विद्या द्यावी असे त्यांच्या मनाने घेतले, अशी हकीकत रमाबाईंनी सांगितली आहे. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्यावरून गहजब झाला, उडुपीच्या पंडितांपुढे शास्त्राधार देऊन त्यांना आपली बाजू मांडावी लागली. पुढे लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना शिकवले, तेही पहाटे, घरातील कामाचा रगाडा सुरू होण्यापूर्वी. पाटी नाही, फळा नाही, बाकडे नाही. तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत हे कुटुंब हिंडत असे, आणि चालता चालता मुलीला हजारो श्लोक पाठ झाले. लहानपणी रमाबाईंनी शाळा अशी पाहिलीच नाही. आईची कूस हीच त्यांची शाळा.

१८७४ च्या सुमारास दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. राहिली ती दोघे भावंडे, रमाबाई आणि श्रीनिवास. त्यांनी पायी हिंदुस्थान तुडवला आणि १८७८ साली कलकत्ता गाठले. तेथील पंडितांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी विवाह केला. १६ एप्रिल १८८१ रोजी मनोरमा झाली, आणि मुलगी दहा महिन्यांची होते न होते तोच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीने पती गेले. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा होऊन तान्ह्या लेकीसह पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक, हंटर आयोगापुढील साक्ष हे सर्व त्या एका १८८२ सालातले. आयोगाला त्यांनी सांगितले की या देशात मुलींना शिकवायला शिक्षिका हव्यात आणि बायकांना तपासायला स्त्री डॉक्टर हव्यात.

ती डॉक्टर आपणच व्हावे असे त्यांना वाटले. पुण्यात त्या वेळी वाँटेज येथील सेंट मेरी मठाच्या भगिनी काम करीत होत्या. पंचहौद मिशनशी त्यांचा संबंध होता. (याच मिशनमधला चहा १८९० साली रानडे-टिळकांसारख्या मंडळींना महागात पडला, हे आपण ऐकले असेल.) या भगिनी रोमन कॅथलिक नव्हत, इंग्लंडच्या राजधर्मातल्या होत्या. पण त्यांचे जीवन कॅथलिक मठासारखेच होते. अविवाहित राहण्याचे व्रत, ठरावीक पोशाख, घंटेवर चालणारी प्रार्थना, आणि मठाधिकारिणीच्या आज्ञेबाहेर पाऊल न टाकणे असा सारा नेम. त्यांच्या आधाराने रमाबाई १८८३ च्या उन्हाळ्यात इंग्लंडला गेल्या. प्रवासखर्चासाठी त्यांनी स्वतःच्या पुस्तकाचे पैसे वापरले, आणि मठात राहण्याच्या बदल्यात हिंदुस्थानात येणाऱ्या भगिनींना मराठी शिकवण्याचे कबूल केले. फुकटचे अन्न त्यांना नको होते. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढील सर्व खटक्यांत ताठ मानेने बोलण्याचे बळ त्यांना येथूनच मिळाले.

सुरुवातच दुःखाची झाली. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत या बाईंनी वाँटेज येथे आत्महत्या केली. परक्या मुलखात, परक्या माणसांत, सोबतीण अशी गेल्यावर रमाबाईंच्या मनाची काय अवस्था झाली असेल, ते आपण बायकांना समजण्यासारखे आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, त्यांनी आणि मनोरमाने बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात हाहाकार उडाला. कानांचा दोष जडल्यामुळे डॉक्टरीचा अभ्यास मात्र त्यांना करता आला नाही. मग त्या चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात राहिल्या. तेथे त्या स्वतः इंग्रजी, गणित आणि सृष्टिशास्त्र शिकत आणि संस्कृत शिकवीत. कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील या शिक्षणक्षेत्रातील नामांकित बाई. आयुष्यात पहिल्यांदाच रमाबाई विद्यार्थिनी म्हणून वर्गात बसल्या, तेही पंचविशी उलटल्यावर.

मठाची माया आणि मठाची शिस्त या दोहोंचा अनुभव त्यांना येथे आला. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. दोघींची पत्रे आज छापलेली उपलब्ध आहेत, आणि ती वाचताना आई आणि वयात आलेली मुलगी भांडत असल्यासारखी वाटतात. रमाबाईंनी धर्म बदलला, पण मांस-मासळी खाण्याचे नाकारले, अंडी घातलेल्या पदार्थालाही हात लावला नाही. सिस्टरांना त्यात जातीचा जुना अभिमान दिसला. रमाबाईंचे म्हणणे असे की माझ्या पानात काय असावे याचा ख्रिस्ताशी संबंध नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. ती भाषा मला कळत नाही, माझ्या लोकांना कळत नाही, मग आमच्या संस्कृतातले शब्द का चालू नयेत, असा त्यांचा सवाल. जन्मभर त्या शाकाहारी राहिल्या आणि आपल्याकडचे पांढरे लुगडेच नेसल्या.

मोठा खटका उडाला तो वेगळ्याच कारणावरून. तरुण पुरुष विद्यार्थ्यांनाही त्यांनी शिकवावे अशी एक सूचना निघाली. हिंदुस्थानातल्या बिशपांचे मत पडले की असे केल्यास स्वदेशी परत गेल्यावर बाईंचे नाव खराब होईल. रमाबाई संतापल्या. ज्या बाईने कलकत्त्याच्या सभांत शेकडो पुरुषांपुढे व्याख्याने दिली, जिला वडिलांनी, भावाने किंवा नवऱ्याने कधी अडवले नाही, तिला आता साहेबाच्या देशात पडदा पाळायला सांगणार काय, अशा आशयाचे उत्तर त्यांनी लिहिले. एका धर्माच्या पुरोहितांची सत्ता टाकून मी दुसऱ्या पुरोहितांची सत्ता पत्करायला आले नाही, हे त्यांच्या साऱ्या पत्रांचे सार होते. मठातील भगिनींना हे उर्मटपणाचे वाटले. मला वाटते, मुलगी शिकली म्हणजे ती आपल्यालाही प्रश्न विचारणार, हे तिला शिकवणाऱ्यांनी गृहीतच धरायला हवे होते.

आणि मनोरमा? रमाबाई चेल्टनहॅमला असताना ती वाँटेजला भगिनींजवळ राहत असे. सिस्टर जेराल्डीन यांनी तिला जीव लावला, ती मुलगी त्यांची लाडकी झाली. पण तिच्या कोवळ्या मनावर कोणते मत आणि किती घट्ट ठसवायचे, यावरून आई आणि सिस्टर यांचे पटेना. ज्या गोष्टी मला स्वतःला पटलेल्या नाहीत त्या माझ्या मुलीला पाठ करून घ्यायला लावू नका, असा रमाबाईंचा आग्रह. आपली लेक चांगल्या हातांत आहे, हे तिला कळत होते आणि तरी ती आपली राहील ना, ही चिंता सुटत नव्हती. अखेर १८८६ साली डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या, तेव्हा मनोरमाला सोबत घेऊन गेल्या.

अमेरिकेत त्या तीन वर्षांच्या आसपास राहिल्या. बालोद्यानाची शिक्षणपद्धती शिकल्या, हिंदू उच्चवर्णीय स्त्रीची दैना सांगणारे इंग्रजी पुस्तक १८८७ साली काढले आणि व्याख्याने देत देश पिंजून काढला. बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. त्याने दहा वर्षे शाळेचा खर्च देण्याचे मान्य केले. अट एकच, शाळेत कोणत्याही धर्माचे शिक्षण द्यायचे नाही, मुलींच्या आचारविचारांत हात घालायचा नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. उद्घाटनाच्या सभेला अध्यक्ष म्हणून काशीबाई कानिटकर होत्या. पहिल्या दिवशी विद्यार्थिनी दोन. एक शारदा गद्रे ही लहान मुलगी, दुसऱ्या गोदूबाई. या गोदूबाईंची कथा तुम्ही नीट ऐका. कोकणातली मुलगी, आठव्या वर्षी लग्न, लग्नानंतर काही महिन्यांतच वैधव्य. पुढची सगळी वर्षे सासरी राबण्यात गेली, डोक्यावर केस ठेवण्याचीही मुभा नाही. विशी उलटून गेल्यावर भावाने, नरहरपंत जोशी यांनी, तिला मुंबईला आणून रमाबाईंच्या हवाली केले. शेणगोठ्याला सरावलेल्या हातांनी तिने तेथे अक्षरे गिरवायला घेतली. सदनात तिचे मुंडन थांबले. केस वाढू लागले, ही गोष्ट आज आपल्याला क्षुल्लक वाटेल. त्या काळी ती क्रांती होती.

१८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले. मुलींची संख्या वाढली. येथील दिनक्रमात आणि वाँटेजच्या दिनक्रमात जो फरक होता तो पाहण्यासारखा आहे. घंटा होती, वेळापत्रक होते, स्वच्छता होती, हे सगळे रमाबाईंनी तिकडून आणले. पण मुलींच्या जेवणाची सोय त्यांच्या आचाराप्रमाणे, स्वयंपाक ब्राह्मणी, उपासतापास ज्याचे त्याला मोकळे. कोणाला देवपूजा करायची असेल तर करावी. स्वतः रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करीत. त्या खोलीचे दार मात्र त्या लावून घेत नसत.

त्या उघड्या दारावरूनच पुढचे सर्व रामायण घडले. काही मुली आपण होऊन त्या खोलीत जाऊन बसू लागल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की मी कोणाला बोलावत नाही, आणि येणारीला हाकलूनही देणार नाही. माझ्या घरात मला माझी प्रार्थना लपून करायची नाही. लोकांचे म्हणणे असे की ज्या मुलींना जगात दुसरा आसरा नाही, त्यांना माया लावणाऱ्या बाईचे उघडे दार हेच आमंत्रण. केसरीने झोड उठवली. १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले. सुमारे २५ मुली पालकांनी काढून नेल्या. बोस्टनच्या संस्थेने मात्र आपला हात काढून घेतला नाही, आणि शाळा तगली.

यात चूक कोणाची? रानडे हे काही मुलींच्या शिक्षणाचे वैरी नव्हते, त्यांच्या घरात रमाबाई रानडे शिकत होत्या. लोकांचा विश्वास उडाला तर एकही विधवा पुन्हा शाळेत येणार नाही, ही त्यांची भीती खरी होती. पण दुसरा विचारही मनात येतो. अमुक घरी प्रार्थनेला बसू नकोस असे मुलीला सांगण्याचा हक्क ज्यांनी मागितला, त्यांतल्या पुष्कळांनी त्याच मुलीच्या डोक्यावरचे केस काढताना तिला विचारले नव्हते. मुलीच्या मनाचा कळवळा तिच्या शाळेत जाण्यानंतरच का यावा? माझे स्वतःचे मत म्हणाल तर दार उघडे ठेवणे योग्य होते, आणि काय घडते आहे ते रमाबाईंनी पालकांना पत्र लिहून आधी कळवले असते तर अधिक योग्य झाले असते.

गोदूबाई या वादळात हिंदूच राहिल्या. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि आनंदीबाई झाल्या. कर्व्यांना त्याबद्दल मुरुडकरांनी वाळीत टाकले. १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे त्याचेच हिंगण्याला मोठे झाड झाले. ज्यांना रमाबाईंच्या शाळेत मुली पाठवायला धास्ती वाटे, त्यांच्यासाठी हे दुसरे घर झाले. पण त्या घराच्या गृहिणीने पहिले अक्षर शारदा सदनात गिरवले होते, हे विसरता येत नाही. सर्वांच्या बाया कर्वे झालेल्या या बाई १९५० पर्यंत होत्या.

त्यानंतरचा भाग आपल्या मुलखातला, म्हणून पुष्कळांना ऐकून माहीत आहे. शाळेला उत्पन्न असावे म्हणून रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडे लावली. आपल्या या अवर्षणाच्या पट्ट्यात विहिरीला पाणी लागणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली घेऊन आल्या. विशीत स्वतः भूक सोसलेल्या बाईला त्या पोरींचे चेहरे बघवेनात. पुण्यात प्लेगचे दिवस, सरकारचे निर्बंध, म्हणून मुली केडगावच्या माळावर तंबूंत आणि झोपड्यांत राहिल्या. प्लेगच्या बंदोबस्तात सदनातील एका मुलीची हेळसांड झाली, तेव्हा रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहून सरकारला जाब विचारला. १९०० च्या दुष्काळानंतर वसाहतीतल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आठदहा पोरांचे जेवण करताना आपली तारांबळ उडते. तेथे रोज एका गावाची चूल पेटत होती.

१८९८ साली बोस्टनच्या कराराची दहा वर्षे संपली आणि मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था झाले. सकाळ-संध्याकाळची प्रार्थना आणि बायबलचे पाठ हे दिनक्रमाचेच भाग झाले. शारदा सदनातल्या मुलीला दाराआत जायचे की बाहेर राहायचे हे ठरवता येत असे. केडगावच्या अनाथ पोरीला तेवढी निवड उरली नव्हती, असे प्रामाणिकपणे म्हणावे लागते. वाँटेजला आपल्या लेकीच्या मनासाठी भांडलेल्या रमाबाईंना हे जाणवले असेल का, असे मनात येते. पण भुकेने मरणाऱ्या त्या मुलींना घेऊन जायला दुसरे कोणी आले नव्हते, हेही तितकेच खरे.

केडगावची शाळा मात्र केवळ पुस्तकाची नव्हती. मुली विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभते, शेती, शिवण, रोग्यांची शुश्रूषा शिकत. इंग्लंडला असताना मठाच्या भगिनींनी लंडनजवळ फुलहॅम येथे वाट चुकलेल्या बायकांसाठी चालवलेले घर रमाबाईंनी पाहिले होते. त्या बायकांना हिणवले जात नाही, हे पाहून त्यांना गहिवरून आले होते. केडगावला कृपा सदन निघाले ते त्याच आठवणीतून. म्हणजे मठाशी भांडण झाले तरी मठातले चांगले त्यांनी टाकले नाही. इंग्लंड-अमेरिकेत शिकून १९०० साली परतलेल्या मनोरमाबाई शारदा सदनाचे काम पाहू लागल्या. अंध मुलींना त्या बोटांनी वाचण्याची ब्रेल लिपी शिकवीत. ज्या मुलीच्या शिक्षणावरून दोन आया भांडल्या, ती अशी आईच्या हाताखाली मास्तरीण झाली.

छापखाना हा तर केडगावचा चमत्कारच. खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, छापणे, बांधणी ही सर्व कामे मुली करीत. खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत बायबल असावे म्हणून रमाबाईंनी म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून स्वतः भाषांतर हाती घेतले. संस्कृतात वाढलेल्या या पंडितेने अवघड संस्कृत शब्द एकेक करून बाजूला काढले. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले.

२४ जुलै १९२१ रोजी मिरजेस मनोरमाबाई वारल्या. त्यांचे वय अवघे चाळीस. लेक गेल्यावर रमाबाई नऊ महिनेही राहिल्या नाहीत. भाषांतराची उरलेली मुद्रिते त्या तपासत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या मुलींनी जुळवलेले आणि छापलेले ते पुस्तक १९२४ साली पुरे होऊन बाहेर पडले.